'वायरलेस' लिहिलेला स्टोरेज डबा : घेण्याआधी एवढं वाचा



इंजिनीअरिंगला असलेला मुलगा किंवा मुलगी म्हणजे घरातला 'संगणकवाला'. मग तो कुठल्याही ब्रँचचा असो, सिव्हिलचा का असेना! आपल्या हॉस्टेलमध्ये चामोर्शी, घोट, आष्टी, मूल, सावली या भागातली बरीच मुलं आहेत. त्यांना घरून हमखास येणारा एक फोन असा : "अरे, सगळ्यांचे मोबाईल भरले. ऑनलाइन एक वायरलेस हार्डडिस्कचा डबा दिसते. सगळ्यांच्या फोनवरून चालते म्हणते. घेऊ का?"

प्रश्न साधा वाटतो, पण धानाच्या हंगामातून बाजूला काढलेले दहा-पंधरा हजार रुपये तुमच्या 'हो' किंवा 'नाही'वर खर्च होणार असतात. शिवाय त्या डब्यात लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, आजोबांचा आवाज असं सगळं जाणार असतं. म्हणून उत्तर देण्याआधी 'वायरलेस' या एका शब्दाचा नीट अभ्यास करू. हा शब्द बहुतेक वेळा सरळसरळ खोटा नसतो. गोम एवढीच, की वायर नेमकी कुठली नाही, हे तो सांगत नाही.

हा डबा म्हणजे काय?

नेटवर्क स्टोरेज, म्हणजे ज्याला आपण 'नॅस' म्हणतो, तो एक छोटा संगणकच असतो. आत एक किंवा जास्त हार्डडिस्क, एक प्रोसेसर, थोडी मेमरी आणि मागे इथरनेटचं पोर्ट. त्याला स्क्रीन किंवा कीबोर्ड नसतो. तो राउटरला जोडायचा आणि घरातल्या सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवरून, लॅपटॉपवरून, टीव्हीवरून त्यातल्या फायली उघडायच्या. साध्या यूएसबी हार्डडिस्कपेक्षा फरक एवढाच, की ही एका वेळी एकाची नसते, सगळ्यांची असते.

आता लक्षात घ्या, अशा बहुसंख्य डब्यांमध्ये वाय-फायचा रेडिओ नसतोच. इथरनेटचं पोर्ट असतं आणि ते केबलनेच राउटरला जोडावं लागतं. उदाहरण घ्या. वेस्टर्न डिजिटल कंपनीचा 'माय क्लाउड' २०१३ साली आला. नाव 'क्लाउड', पण मागे गिगाबिट इथरनेटचं पोर्ट, आणि राउटरपासून केबल ओढल्याशिवाय गत्यंतर नाही. यात कंपनीने काही लपवलं असं नाही. पण विक्रेत्याच्या जाहिरातीत 'वायरलेस ॲक्सेस' असं ठळक लिहिलं, की वाचणारा काय समजेल?

एक शब्द, चार अर्थ

बाजारात 'वायरलेस स्टोरेज' या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला अर्थ : डबा राउटरला केबलने जोडायचा, तुमचा मोबाईल मात्र राउटरशी वाय-फायने बोलणार. म्हणजे वायरलेस आहे तो तुमचा राउटर, डबा नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. "डबा कुठेही ठेवता येईल का?" असं विचारलं तर दुकानदार सांगतो, "हाव ना भाऊ, पूर्णच वायरलेस आहे." तो मोबाईलबद्दल बोलत असतो आणि आपण डब्याबद्दल ऐकत असतो.

दुसरा अर्थ : डब्यातच राउटर आहे. ॲपल कंपनीचं 'टाइम कॅप्सूल' हे याचं चांगलं उदाहरण. ते २००८ साली आलं आणि २०१८ साली बंद झालं. त्यात हार्डडिस्कही होती आणि वाय-फाय राउटरही. इथे 'वायरलेस' शब्द खरा होता.

तिसरा अर्थ : डबा खिशात मावणारा, बॅटरीवर चालणारा आणि स्वतःचं छोटं वाय-फाय उभं करणारा. २०१४ सालचा 'माय पासपोर्ट वायरलेस' हा त्यातला. प्रवासात कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायला ही चीज उत्तम. पण मोबाईल या डब्याच्या वाय-फायला जोडला, की घरच्या वाय-फायवरून सुटतो. घरातल्या पाच जणांनी रोज वापरायला ही सोय नव्हे.

चौथा अर्थ : यूएसबी पोर्टला वाय-फायचा डोंगल लावला तर डबा वायरलेस होतो. डोंगल वेगळा विकत घ्यायचा आणि तोही डब्याच्या सॉफ्टवेअरला चालणारा असावा लागतो. सिनॉलॉजी कंपनीने २०२१ साली आपल्या सॉफ्टवेअरची सातवी आवृत्ती आणली, तेव्हा यूएसबी वाय-फाय डोंगलचा आधारच काढून टाकला. जुन्या माहितीवर विसंबून आज डोंगल घेतला तर तो नुसता लटकून राहील.

थोडक्यात काय, तर 'वायरलेस आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं असं : "डबा आणि राउटर यांच्यामध्ये वायर लागते का?"

खोक्यावरचा आकडा

आता वेगाकडे वळू. खोक्यावर मोठ्या अक्षरात १५०, ३००, १२०० असे आकडे असतात. ते मेगाबिट प्रति सेकंद या एककात असतात. आपल्या फायली मात्र मेगाबाइटमध्ये मोजल्या जातात. ८ बिट म्हणजे १ बाइट, हे पहिल्या सेमिस्टरला शिकलेलं असूनही खरेदीच्या वेळी नेमकं विसरतं. म्हणून पहिला नियम : खोक्यावरच्या आकड्याला आधी ८ ने भागा.

दुसरी गोष्ट बेरजेची. 'एसी १२००' राउटरमधला १२०० हा आकडा कुठून येतो? २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ८६७, मिळून ११६७. तो गोल करून १२००. पण तुमचा मोबाईल एका वेळी साधारण एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो. ३०० आणि ८६७ ची बेरीज करून वेग सांगणं म्हणजे चामोर्शीहून सुटणाऱ्या दोन एसट्यांच्या वेगाची बेरीज करून "आम्ही ताशी १०० ने गेलो" म्हणण्यासारखं आहे!

तिसरी गोष्ट, हे आकडे लिंकच्या दराचे आहेत, फाइल कॉपी होण्याच्या दराचे नाहीत. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बोलण्याआधी चॅनेल मोकळं आहे का ते ऐकायचं, पाकीट पाठवायचं, पोच येण्याची वाट बघायची. या सगळ्यात वेळ जातो. एकाच खोलीत, अडथळा नसताना, लिंकदराच्या साधारण निम्मा किंवा थोडा जास्त वेग हाती आला तर ते चांगलं समजावं. मध्ये भिंती आल्या की त्याहून कमी. ५ गिगाहर्ट्झ पट्टा वेगवान खरा, पण भिंतीपलीकडे तो लवकर अशक्त होतो. अँटेना चार आहेत म्हणून वेग चौपट, असंही नसतं.

२.४ गिगाहर्ट्झचं दुखणं आणखी वेगळं आहे. भारतात हा पट्टा २००५ सालापासून विनापरवाना वापरायला खुला आहे, म्हणून तिथे गर्दीही सर्वांचीच. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं नेहमीच्या मांडणीत तीनच : १, ६ आणि ११. 'एन १५०' लिहिलेल्या साध्या डोंगलला १५० चा दर मिळण्यासाठी दुप्पट रुंद, म्हणजे ४० मेगाहर्ट्झची जागा लागते. हॉस्टेलसारख्या ठिकाणी ती मिळणं कठीण. मग तो २० मेगाहर्ट्झवर येतो आणि लिंकदर ७२ वर उतरतो. प्रत्यक्ष कॉपीचा वेग चार-पाच मेगाबाइटच्या आसपास.

एक उदाहरण सोडवू

समजा, चामोर्शीत एक फोटो स्टुडिओ आहे. महाशिवरात्रीला मार्कंडादेवच्या यात्रेत दिवसभर शूटिंग झालं आणि ६० गिगाबाइटच्या फायली लॅपटॉपवर आल्या. त्या रात्रीच नॅसवर टाकायच्या आहेत. दुकानात 'एसी १२००' राउटर आहे. किती वेळ लागेल?

जाहिरातीप्रमाणे : १२०० ला ८ ने भागलं, १५० मेगाबाइट प्रति सेकंद. ६०,००० भागिले १५० म्हणजे ४०० सेकंद. सात मिनिटांच्या आत काम फत्ते.

प्रत्यक्षात राउटरच्या मागे बघा. 'एसी १२००' वर्गातल्या कितीतरी स्वस्त राउटरांची केबलची पोर्टं १०० मेगाबिटचीच असतात. नॅस या पोर्टला लागला. १०० भागिले ८ म्हणजे १२.५, वरचा खर्च वजा जाता हाती सुमारे ११ मेगाबाइट. ६०,००० भागिले ११, म्हणजे सुमारे ५,४५० सेकंद. दीड तास! वाय-फाय कितीही वेगवान असो, नळाचं तोंड इथे बारीक झालं.

आता नॅस डोंगलने 'पूर्ण वायरलेस' केला. वेग साडेचार मेगाबाइट धरू. ६०,००० भागिले ४.५, म्हणजे सुमारे १३,३०० सेकंद. पावणेचार तास. मध्ये लाइन गेली तर कॉपी पुन्हा सुरू करा.

आणि शेवटी, गिगाबिट पोर्ट असलेला राउटर, गिगाबिट पोर्ट असलेला नॅस आणि लॅपटॉपलाही केबल. वेग सुमारे ११० मेगाबाइट. ६०,००० भागिले ११०, म्हणजे ५४५ सेकंद. नऊ मिनिटं.

बघा, 'वायरलेस'च्या मोठ्या आकड्याने दिलेलं वचन जवळपास पाळलं ते साध्या केबलने.

खरोखर वायरलेस असेल तर?

कुणी म्हणेल, चांगल्या दर्जाचं वाय-फाय डब्यातच असेल तर काय वाईट? इथे थोडं शास्त्र बघू. घरच्या वाय-फायमध्ये दोन उपकरणं सहसा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. सगळं राउटरमार्फत जातं. नॅसही वाय-फायवर आणि लॅपटॉपही त्याच चॅनेलवर असेल, तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं : लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून नॅसकडे. चॅनेल एकच, बोलणारा एका वेळी एक. म्हणजे वेग साधारण निम्मा. नॅस केबलवर असेल तर हवेतला प्रवास एकदाच होतो.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. घरात फिरतो माणूस, मोबाईल घेऊन. नॅस एका फळीवर वर्षानुवर्षं बसून असतो. वायरलेसची गरज फिरणाऱ्याला असते, बसणाऱ्याला नसते. जो डबा हलणारच नाही त्यासाठी 'वायरलेस' या शब्दाचे जास्तीचे पैसे का मोजायचे? शिवाय विजेची वायर त्याला लागतेच. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं की लाइन जाते, आणि लिहिता लिहिता बंद पडलेली डिस्क फायली बिघडवू शकते. तेव्हा वाचलेले पैसे राउटर आणि नॅस दोघांना पुरेल अशा छोट्या यूपीएसवर घाला. ते जास्त कामी येतील.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे

आणखी एक गोंधळ मुद्दाम केला जातो. "कुठूनही वायरलेस बघा," असं लिहितात. घरातल्या घरात नॅस बघायला इंटरनेट लागत नाही. राउटर चालू असला की झालं. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी घरचे फोटो घरच्या टीव्हीवर दिसले पाहिजेत. पण चामोर्शीतल्या घरचा नॅस तुम्ही हॉस्टेलमधून उघडता, तेव्हा वेग ठरतो घरच्या इंटरनेटच्या अपलोडवर. अपलोड ३० मेगाबिट असेल तर जास्तीत जास्त पावणेचार मेगाबाइट. खोक्यावर १२०० असो की ५४००, इथे त्याचा काही संबंध नाही. शिवाय काही डबे कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन केल्याशिवाय उघडतच नाहीत. "इंटरनेट बंद असताना घरात चालेल का?" हे आधीच विचारून घ्या.

घेण्याआधी काय बघायचं?

१) जाहिरात सोडा, कंपनीच्या संकेतस्थळावरचा तांत्रिक तपशिलाचा तक्ता काढा. 'नेटवर्क' या रकान्यात फक्त इथरनेट लिहिलं असेल, तर डब्यात वाय-फाय नाही. वाय-फाय असेल तर ८०२.११ हा आकडा आणि पुढे एन, एसी किंवा एएक्स असं अक्षर दिसेलच.

२) भारतात विकल्या जाणाऱ्या वाय-फाय उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता, म्हणजे 'ईटीए', लागते. पुष्कळ उपकरणांच्या लेबलवर तिचा क्रमांक असतो. विक्रेत्याला तो विचारा. मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक ही वेगळी गोष्ट. तो सुरक्षिततेचा आहे, वेगाचा नाही.

३) राउटरची पोर्टं १०० मेगाबिटची की गिगाबिटची, ते बघा. इंटरनेटवाल्याने दिलेल्या डब्यावर पोर्टं दोन प्रकारची असू शकतात. नॅस गिगाबिटच्या पोर्टला लावा.

४) घरी आधीच जे आहे त्याची परीक्षा घ्या. १ गिगाबाइटची फाइल एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर कॉपी करा आणि मोबाईलच्या घड्याळावर सेकंद मोजा. १००० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर ११ च्या आसपास आलं तर वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचं पोर्ट किंवा खराब केबल आहे. ११० च्या आसपास आलं तर गिगाबिट. ४-५ आलं तर बहुधा २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय. नॅस घेतल्यावरही हीच परीक्षा करा. हा प्रयोग हॉस्टेलच्या खोलीतही होतो, आणि लॅबमधल्या कित्येक प्रयोगांपेक्षा जास्त शिकवतो!

५) एकच नॅस म्हणजे बॅकअप नव्हे. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत साध्या हार्डडिस्कवर, वेगळ्या जागी ठेवा.

आणि दिशाभूल झालीच तर?

चामोर्शीच्या माणसाला असा डबा हातात घेऊन बघायचा तर चंद्रपूर-नागपूर गाठावं लागतं, म्हणून खरेदी बहुधा ऑनलाइनच. "आपण इतक्या लांब, कंपनी तिकडे बंगलोरला, कोण भांडणार?" असं म्हणून लोक गप्प बसतात. गप्प बसायचं कारण नाही.

वायरलेसच्या दाव्यांवर आपल्याकडे आक्षेप घेतले गेले आहेत. २०१५ साली एअरटेलच्या ४जी जाहिरातीत सर्वांत वेगवान नेटवर्कचा दावा होता आणि दुसऱ्याचं नेटवर्क जास्त वेगवान निघालं तर आयुष्यभराची मोबाईल बिलं भरण्याचं आव्हानही. मुंबईतल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आणि बदलायला किंवा मागे घ्यायला सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीला आपला आकडा सिद्ध करायला सांगता येतो, तर डबा विकणाऱ्याला का नाही?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि अशा जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. २०२० च्याच ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. आणि सर्वांत उपयोगाचं म्हणजे, तक्रार करणारा जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे चामोर्शीच्या ग्राहकाला बंगलोरला नाही, गडचिरोलीला जायचं आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

फक्त पुरावा हवा. खरेदीच्या दिवशीच जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढा, बिल जपा, विक्रेत्याला विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर लेखी ठेवा. जाहिरातीचं पान दुसऱ्या दिवशी बदलू शकतं, तुमच्याकडचं चित्र बदलत नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी घरून फोन आला की नुसतं "घ्या" किंवा "नका घेऊ" म्हणू नका. तीन प्रश्न विचारा : डबा आणि राउटरमध्ये वायर लागते का? दोघांचीही पोर्टं गिगाबिटची आहेत का? इंटरनेट बंद असताना घरात चालते का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की 'वायरलेस' हा शब्द किती मोठ्या अक्षरात छापला आहे, याने काही फरक पडणार नाही. आणि सरांना विनंती, की नेटवर्कच्या प्रॅक्टिकलमध्ये एक तास या कॉपीच्या प्रयोगाला द्यावा. मुलं घरी गेल्यावर त्याचा उपयोग सगळ्या घराला होईल.